दुधाच्या दातांना कीड लागते म्हणजे नेमके काय होते

मराठीत आपण दात ‘किडला’ असे म्हणतो आणि हा शब्दच अनेकांची दिशाभूल करतो. कीड म्हटली की धान्यात किंवा लाकडात होते तशी अळी डोळ्यांसमोर येते. दातात खरोखरच एखादा किडा शिरतो आणि तो आतून दात पोखरत जातो, ही समजूत त्यामुळेच पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन तो किडा बाहेर पाडण्याचा उपाय आपल्याकडच्या कित्येक गावांनी पाहिलेला आहे. दातात अळी कधीच नसते. जे घडते ते अधिक संथ आणि अधिक साधे असते, आणि ते एकदा नीट समजले की लहान मुलाला काय भरवावे, केव्हा भरवावे, रात्री बाटली द्यावी की नाही, दात कशाने घासावेत, अशा प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपली आपल्यालाच सापडू लागतात.

दाताचे वरचे पांढरे कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. ते प्रामुख्याने कॅल्शियम आणि फॉस्फेट या खनिजांचे बनलेले असते. कठीण असले तरी आम्लापुढे ते टिकत नाही. प्रत्येकाच्या तोंडात असंख्य जीवाणू राहतात आणि दातांवर जो चिकट, पिवळसर थर साचतो तो त्यांचीच वसाहत असतो. त्यांपैकी काही जीवाणू, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, साखरेवर जगतात आणि ती साखर पचवताना आम्ल सोडतात. हे आम्ल दातावरच, त्या थराच्या खाली तयार होत असल्यामुळे कवचातील खनिजे विरघळून बाहेर पडू लागतात. आम्लता मोजण्याच्या पीएच या मापात आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र असते. साधारण ५.५ च्या खाली आकडा गेला की ही झीज सुरू होते, असे मानले जाते.

मात्र निसर्गाने याची भरपाई करण्याची सोयही ठेवली आहे, ती म्हणजे लाळ. लाळ तोंडातले आम्ल सौम्य करते, अन्नाचे कण धुऊन नेते आणि स्वतःत विरघळलेले कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा दाताच्या कवचात भरते. म्हणजे दात दिवसभर थोडा झिजत आणि थोडा भरत असतो. १९४०च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर दातांवरच्या थरात काय होते ते मोजून पाहिले. अवघ्या काही मिनिटांत तिथली आम्लता झपाट्याने वाढली आणि ती मूळपदावर यायला त्यानंतर अर्धा ते एक तास लागला. पुढे आलेले आलेख याच आकाराचे निघाले, आणि दंतवैद्यकाचे विद्यार्थी आजही तो आलेख शिकतात.

मूल किती गोड खाते यापेक्षा ते दिवसातून किती वेळा खाते, हा प्रश्न दातांच्या दृष्टीने अधिक मोठा का, ते या आलेखावरून कळते. दीड वर्षाच्या एखाद्या मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी उठल्यावर पावडर घातलेले गोड दूध, तासाभराने त्या दुधात किंवा चहात बुडवलेली दोन बिस्किटे, दहाच्या सुमारास शिरा, शेजारच्या आजींनी हातावर ठेवलेला चॉकलेटचा तुकडा, जेवणानंतर गूळ, दुपारी झोपताना दुधाची बाटली, संध्याकाळी टोस्ट, बाजारातून येताना रसाचे खोके, रात्री पुन्हा बाटली. यातला एकेक पदार्थ पाहिला तर प्रमाण थोडेसेच वाटते आणि आई अगदी मनापासून सांगते की आमचे बाळ फारसे गोड खात नाही. पण हे नऊ वेळचे खाणे आहे. प्रत्येक वेळी दातांवर अर्धा-पाऊण तास आम्ल राहिले, तर लाळेला भरपाई करायला जागेपणी उसंतच मिळत नाही. हेच सगळे गोड एखाद्या जेवणासोबत एकदाच दिले असते तर हानी पुष्कळ कमी झाली असती.

याचा सर्वांत ठोस, पण तितकाच वेदनादायक पुरावा स्वीडनमधून आला. तेथील लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म या संस्थेत १९४५ पासून काही वर्षे एक प्रयोग चालला. तेथे राहणाऱ्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांच्या काही गटांना साखर जेवणासोबत देण्यात आली, तर काहींना दोन जेवणांच्या मधल्या वेळी दाताला चिकटणाऱ्या टॉफी देण्यात आल्या. जेवणासोबत साखर घेणाऱ्यांचे दात तुलनेने थोडे किडले. मधल्या वेळी टॉफी खाणाऱ्यांच्या दातांची मात्र वाताहत झाली. त्या माणसांची संमती कोणी घेतली नव्हती आणि आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही. आपण मधल्या वेळचे चिकट गोड टाळा असे सहज सांगतो, त्या ज्ञानाची किंमत कोणी मोजली हे लक्षात राहावे, म्हणून हा उल्लेख केला.

दातांच्या लेखी साखर, गूळ, मध आणि खडीसाखर यांत काहीही फरक नाही, हेही इथेच सांगायला हवे. गूळ पौष्टिक म्हणून, मध औषधी म्हणून आणि खजुराचा पाक नैसर्गिक म्हणून आपण निःशंकपणे देतो, पण जीवाणूंना हा भेद कळत नाही. मधाबाबत आणखी एक गंभीर गोष्ट आहे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये, गुटीतूनही नाही आणि चोखणीला लावूनही नाही, कारण मधात कधीकधी बॉट्युलिझम या जीवघेण्या आजाराचे बीजाणू असतात आणि लहान बाळाचे आतडे त्यांना रोखू शकत नाही. दोन वर्षांपर्यंत बाळाच्या आहारात वरून घातलेली साखर असूच नये, असे आजचे आहारतज्ज्ञ सांगतात. ज्या मुलाने गोड चाखलेलेच नाही त्याला दूध फिके लागत नाही; दुधात साखर घालण्याची गरज मोठ्यांच्या जिभेला वाटत असते.

आता रात्रीच्या बाटलीकडे येऊ, कारण लहान मुलांच्या किडलेल्या दातांमागे ती फार मोठे कारण आहे. झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि गिळण्याची क्रियाही मंदावते. बाटली तोंडात धरून झोपलेल्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांभोवती दूध तासन्‌तास साचून राहते. खालच्या पुढच्या दातांवर जिभेचे आच्छादन असते आणि जिभेखालच्या लाळग्रंथीही तिथेच उघडतात, म्हणून ते बहुधा वाचतात. वरचे चार दात तपकिरी, झिजलेले आणि खालचे पांढरेशुभ्र, असे चित्र दिसले की दंतवैद्य पहिला प्रश्न बाटलीबद्दल विचारतात तो त्यामुळेच. साखर न घातलेले साधे दूध त्या मानाने पुष्कळ सौम्य असते, परंतु त्यातही दुग्धशर्करा असतेच. आणि बाटलीत साखर, पावडर किंवा फळाचा रस असेल तर रात्रभर तोच आलेख तळाशी अडकून राहतो. झोपताना दिलेल्या खोकल्याच्या गोड सिरपचेही तसेच आहे. औषध टाळू नये, मात्र त्यानंतर दात पुसून दोन चमचे पाणी पाजावे.

स्तनपानाचा प्रश्न इथे हमखास येतो आणि तो काळजीपूर्वक मांडायला हवा, कारण अर्धवट ऐकून पुष्कळ आया रात्रीचे अंगावरचे पाजणे घाबरून बंद करतात. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे वरच्या आहारासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दातांच्या कारणाने बदलत नाही. नुसत्या आईच्या दुधामुळे दात किडण्याची शक्यता कमी असते. बाळ वर्षाच्या पुढे गेले, दिवसभर गोड खाऊ लागले, दात घासले जात नसले आणि रात्री अनेकदा पीत राहिले, तर मात्र धोका वाढतो. पाजणे न थांबवता रात्री झोपण्यापूर्वी दात नीट घासणे आणि दिवसाचे गोड कमी करणे, हाच येथे शहाणपणाचा मार्ग ठरतो.

बाटली मात्र वर्षाच्या सुमारास सोडवायला घ्यावी आणि दीड वर्षापर्यंत ती पूर्ण सुटलेली असावी. आपल्याकडे पूर्वी बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने दूध पाजत आणि ती पद्धत स्वच्छतेच्या दृष्टीनेही सरस होती. बाटलीचे बूच आणि तिच्या कोपऱ्यांत राहणारे दूध जुलाबाला निमंत्रण देते. सोडवताना दिवसाची बाटली आधी बंद करून दूध पेल्यातून द्यावे. रात्रीच्या बाटलीत आठवडा-दीड आठवड्यात हळूहळू पाण्याचे प्रमाण वाढवत न्यावे, शेवटी नुसते पाणी उरते आणि मग मुलालाच तिच्यात रस राहत नाही. तीन-चार रात्री रडण्याच्या जातात हे खरे आहे. त्या काळात घरातल्या सगळ्यांचे एकमत असणे फार गरजेचे असते, कारण तिसऱ्या रात्री आजोबांनी कळवळून भरलेली बाटली हातात दिली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पण मुळात एवढे दूध आणि एवढी बिस्किटे मुलाच्या पोटात जातात कशाला, याचे उत्तर मला वाटते आईच्या काळजीत आहे. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या तिप्पट होते. तीन किलोचे बाळ वाढदिवसाला नऊ किलोंच्या आसपास असते. दुसऱ्या वर्षात मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोच वाढते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. हे अगदी स्वाभाविक असते. घरात मात्र चिंता सुरू होते की काल वाटीभर मऊभात खाणारे बाळ आज तोंड का फिरवते. मग जेवले नाही तर निदान दूध तरी पिऊ दे, दूध नको तर एक बिस्कीट तरी, अशी रांग लागते. त्या रांगेमुळे पुढच्या जेवणाची भूक मरते, ते जेवणही जात नाही, आणि पुन्हा दूध दिले जाते. बाळाच्या पोटाची धारणशक्ती ढोबळमानाने वजनाच्या किलोमागे ३० मिली धरतात, म्हणजे आठ-नऊ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी अडीचशे मिलीच्या आसपास मावते. तेवढे दूध अकरा वाजता प्यायलेले मूल बारा वाजता वरण-भात खाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध पुरे होते. त्याहून जास्त दुधामुळे इतर अन्न मागे पडते, आणि दुधात लोह जवळजवळ नसते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६७ टक्के मुलांमध्ये रक्ताल्पता आढळली. तिची कारणे अनेक आहेत, पण दुधावर वाढणारे फिकुटलेले मूल हे सुखवस्तू घरांतलेही नेहमीचे चित्र आहे. जेवणाच्या ठरावीक वेळा, तीन-चार जेवणे आणि मध्ये एक-दोनदा खाऊ, आणि त्या मधल्या काळात फक्त पाणी, ही चौकट भुकेसाठी आणि दातांसाठी एकाच वेळी उपयोगी पडते. खाऊ म्हणून केळे, उकडलेले रताळे, उकडलेले अंडे, घावन, थालीपिठाचा मऊ तुकडा, ताजे दही असे काही दिले तर बिस्किटाची आठवणही होत नाही. नाचणीचे सत्त्व द्यावे, पण गुळाशिवाय, ताक किंवा दूध घालून.

भरवण्याच्या पद्धतीचाही दातांशी संबंध आहे, आणि हे फार थोड्या ठिकाणी सांगितले जाते. अनेक मुले घास गालात धरून ठेवतात. मोबाइलवर गाणी लावून भरवलेल्या मुलाचे लक्ष पडद्यावर असते; तोंड यंत्रासारखे उघडते, घास आत जातो आणि चावण्या-गिळण्याविना तसाच पडून राहतो. अर्धा-पाऊण तास गालात मुरलेला भातही लाळेमुळे साखरेत बदलू लागतो, कारण भाताचा पिष्टमय भाग म्हणजे साखरेचीच लांबलचक साखळी असते. अशा मुलांच्या दाढा गालाच्या बाजूने किडतात. जेवण वीस ते तीस मिनिटांत आटोपावे, मुलाला सगळ्यांसोबत पंगतीला बसवावे, थोडे त्याच्या हाताने खाऊ द्यावे आणि त्याने तोंड फिरवले की ताट उचलावे. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत सगळे मिक्सरमधून काढलेलेच दिले गेले तर चावायला शिकण्याचा काळ निसटतो आणि मग दोन वर्षांचे मूलही पोळीचा तुकडा पाहून उलटी काढते. म्हणून गुरगुट्या भातावरून बोटांनी कुस्करलेल्या भाताकडे आणि तिथून पोळीच्या चुऱ्याकडे क्रमाने जायला हवे.

पहिला दात सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, कोणाला चौथ्या महिन्यात तर कोणाला वाढदिवसाच्या सुमारास. खालचे मधले दोन दात बहुधा आधी दिसतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दात येतात. दात येताना हिरड्या सळसळतात, लाळ गळते, मूल चिडचिडे होते. मात्र जोराचा ताप किंवा पातळ जुलाब दात येण्यामुळे होत नाहीत. त्या वयात रांगणारे मूल जमिनीवरचे सगळे तोंडात घालत असते, म्हणून जंतुसंसर्ग होतो, आणि ‘दात येताहेत’ म्हणून जुलाबाकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरू शकते.

दात दिसला त्या दिवसापासून तो घासायचा. दोन वेळा, आणि रात्रीची वेळ कधीही चुकवायची नाही. फ्लोराइड असलेली, सुमारे १००० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत सुमारे हजार भाग फ्लोराइड) टूथपेस्ट वापरावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. फ्लोराइड विरघळू लागलेल्या कवचात खनिजे परत बसायला मदत करते आणि नव्याने बसलेले कवच आम्लाला अधिक काळ तोंड देते. लहान मुलाला थुंकता येत नाही, म्हणूनच प्रमाण एवढे कमी ठेवायचे. पेस्ट पूर्ण ब्रशभर लावणे जाहिरातीत शोभते, मुलाच्या ब्रशवर नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते आणि तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. अशा गावांत पेस्ट निवडण्याआधी दंतवैद्याला विचारावे. राखुंडी आणि मीठ लहान मुलांच्या दातांवर घासू नये, आणि मिसरी तर त्यांच्या जवळपासही येऊ देऊ नये, कारण ती तंबाखूच आहे.

घासताना मुलाचे डोके आपल्या मांडीवर घ्यावे, आपण मागून वाकावे, म्हणजे वरचे दात नीट दिसतात. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवायचा असतो. त्याला स्वतः घासायची हौस असेल तर ती आधी पुरवावी आणि मग आपण एकदा हात फिरवावा. हेच करताना महिन्यातून एकदा वरचा ओठ वर करून हिरडीलगत पाहावे. तिथे खडूसारखी पांढुरकी रेघ दिसली, तर खनिजे निघू लागल्याची ती पहिली खूण असते. या टप्प्यावर छिद्र पडलेले नसते आणि झीज परत भरून येऊ शकते. बाटली थांबवणे, गोडाच्या वेळा कमी करणे, फ्लोराइडची पेस्ट आणि दंतवैद्याने लावलेला फ्लोराइडचा लेप एवढ्याने काम भागते. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही.

पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाचे दात एकदा दंतवैद्याला दाखवावेत. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्यांचे कवच कायमच्या दातांच्या निम्म्याच जाडीचे असल्याने कीड लवकर दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचते. मग रात्रीची ठणक, सूज, नीट न चावणे, वजन न वाढणे हे सगळे ओघाने येते. मुळाशी झालेला पू खाली घडत असलेल्या कायमच्या दातालाही इजा करू शकतो, आणि दाढ वेळेआधी काढली गेली तर शेजारचे दात सरकून नव्या दाताची जागा अडवतात. सूज आली म्हणून प्रतिजैविक देऊन ती उतरली तरी मूळ दुखणे दातातच राहते. कीड थांबवण्यासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे द्रव्य आता लावले जाते. त्याला भूल किंवा ड्रिल लागत नाही, मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे पालकांना आधी माहीत असावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. खर्चाची चिंता असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत लहान मुलांवर उपचार होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत होणाऱ्या तपासणीतही दात पाहिले जातात. पथक येईल त्या दिवशी मुलाला अंगणवाडीत न चुकता पाठवावे.

सहाव्या वर्षी आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. पहिली कायमची दाढ कोणताही दुधाचा दात न पडता, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे गुपचूप उगवते. दात पडला नाही म्हणून नवा आला हे घरात कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ती दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. तिच्या माथ्यावर खोल चिरा असतात, त्यांत अन्न अडकते आणि आल्यापासून वर्ष-दोन वर्षांतच ती किडू शकते. सहावा वाढदिवस झाला की रात्री ब्रश करताना गालाच्या मागच्या टोकापर्यंत बोट नेऊन पाहावे, आणि ही दाढ लागली की तिच्या चिरांवर सीलंट, म्हणजे चिरा बुजवणारा संरक्षक थर, दंतवैद्याकडून बसवून घ्यावा.